डिकीचा फ्लोअर परत परत सडतोय? पत्रा कापायच्या आधी हे बघून घ्या

जुन्या गाड्या उभ्या करताना माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलेला भाग म्हणजे डिकीचा फ्लोअर. त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो आधी एकदा बदललेलाच असतो, म्हणजे कोणीतरी नवीन पत्रा मारलाय, वरून जाड काळं अंडरकोट फासलंय, आणि त्याच्या कडेकडेने परत गंज धरलाय. पत्रा बदलायचं काम पुढे लिहिलंय पण ते मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण फ्लोअर सडतो तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या दोषाने सडत नाही. पाणी वरून कुठूनतरी येतं आणि सगळ्यात खालची जागा ती असल्यामुळे तिथे बसून राहतं. ती वाट न शोधता नुसता पत्रा बदलला तर ते आजार म्हशीला आणि औषध पखालीला असंच होतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत परत ग्राइंडर बाहेर काढावा लागतो.

लक्षणं

डिकी उघडली की कोंदट वास येतो आणि कार्पेट दाबलं की बोटं ओली होतात, हे सगळ्यात कॉमन. रात्रभर गाडी बंद राहिली की मागच्या काचेला आतून वाफ धरते. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असतं, किंवा पाणी नसलं तरी आतल्या भिंतीवर तपकिरी रेघ दिसते, ती रेघ नीट बघा कारण पाणी किती उंचीपर्यंत साचत होतं ते तीच सांगते. पेंटखाली बारीक फोड येतात, सांध्यावरचा सीलर कडेने उचललेला असतो. खालून बघितलं तर अंडरकोट फुगलेलं असतं आणि अंगठ्याने दाबलं की आतून करकर आवाज येतो. मागचा बंपर हाताने हलतो, खराब रस्त्यावर मागून पत्र्याचा थडथड आवाज येतो, किंवा जॅक लावला की गाडी वर जायच्या ऐवजी पत्राच आत जातो.

एक लक्षण वेगळं काढून सांगतो. चालू गाडीत मागून सायलेन्सरच्या धुराचा वास येत असेल, किंवा लांब प्रवासात उगाच डोकं दुखतंय, झोप आल्यासारखं वाटतंय, तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. फ्लोअरला भोक पडलं की गाडीच्या मागे तयार होणाऱ्या हवेच्या ओढीने धूर डिकीत येतो आणि सीटमागून केबिनमध्ये जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका गेला असं नाही. काच खाली करून चालवू वगैरे जुगाड इथे करू नका.

पहिलं काम फुकटचं: सगळं बाहेर काढा

कार्पेट, बोर्ड, स्टेपनी, जॅक, टूलकिट, बाजूचे ट्रिम, सगळं. डांबरी साउंडप्रूफिंग शीट असेल तर तिची कडा उचलून बघा, कारण ती वरून एकदम ठीक दिसते आणि तिच्याखाली पाणी महिनोन्महिने वाळत नाही. जाड फेल्टचं कार्पेट तर त्याहून वाईट, ते पाणी धरून ठेवतं आणि पत्र्याला सतत ओला ठेवतं.

आता काही न करता फक्त गंजाचा आकार आणि जागा बघा. माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. खड्ड्याच्या तळाला गोल गंज असेल तर पाणी वरून येऊन साचलंय. मागच्या पॅनलच्या सांध्याला धरून गंज असेल तर टेललाइट किंवा डिकीचं रबर. दोन्ही बाजूच्या कोपऱ्यांत, चाकाच्या कमानीजवळ असेल तर बहुतेक बाहेरून, म्हणजे कमानीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांच्या मधे चिखल अडकून तो ओला राहिलाय. एका सरळ रेषेत, फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरच्या (म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या, आतून पोकळ पट्टीच्या) बरोबर वर गंज उमटला असेल तर ती वाईट बातमी, कारण तो त्या बंद पोकळीच्या आतून बाहेर आलाय, आणि आत किती खाल्लंय ते अजून तुम्हाला दिसलेलंच नाही.

आणि बॅटरी डिकीत असेल तर तिच्या ट्रेखाली बघा. क्लासिक मिनी या जुन्या ब्रिटिश छोट्या गाडीत बॅटरी डिकीच्या फ्लोअरमधल्या खोलगट पेटीत बसते, जुन्या पोर्शे ९११ मध्ये डिकी पुढे असते आणि बॅटरीही तिथेच, म्हणून या गाड्यांत तिथला पत्रा आधी जातो. हा पाण्याचा गंज नाही, ॲसिडचा आहे. पेंट मऊ होऊन पोपडे सुटलेत आणि आसपास पांढरट पावडर दिसते, असं असेल तर बॅटरी काढून खायचा सोडा पाण्यात कालवून ती जागा धुवा, फसफसणं थांबेपर्यंत. हातमोजे आणि चष्मा घालून. हे न करता वरून प्रायमर मारला तर तो काही टिकत नाही, खाली ॲसिड शिल्लकच असतं.

निचऱ्याची भोकं आणि रबरी बूच

तारेचा तुकडा आणि टॉर्च, एवढंच लागतं. डिकीच्या झाकणाभोवती जी पन्हळ असते तिला दोन्ही खालच्या कोपऱ्यांत पाणी जायला वाट असते, ती पानं आणि मातीने तुंबली की पाणी पन्हळीतून उलटं रबरावरून आत येतं. तार घालून मोकळं करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का ते बघा. खाली पडत नसेल आणि गायबही होत असेल तर ते गाडीतच कुठेतरी जातंय.

फ्लोअरमधली भोकं मात्र सगळी उघडायची नसतात. काही भोकं कारखान्यात बॉडी पेंटमध्ये बुडवल्यावर पेंट निथळायला ठेवलेली असतात आणि नंतर रबरी बूच लावून बंद करतात. ही बुचं वर्षानुवर्षांनी कडक होतात, आकसतात, आणि चाकाने उडवलेलं पाणी खालून वर आत येतं. "निचरा होईल" म्हणून बूच काढून ठेवणारे लोक मी बघितलेत, त्याने उलट काम होतं. बूच बोटाने दाबा, गोल फिरत असेल किंवा तडे असतील तर नवीन लावा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

पाणी मारून बघणं

घाई केली तर सगळं काम वाया जाईल अशी ही एक स्टेप. आधी डिकी पूर्ण सुकवा, मग सांध्यांवर आणि बाजूच्या भिंतींवर टाल्कम पावडर भुरभुरवा, पाण्याचा ओघळ त्यात स्पष्ट दिसतो. पाइपने साधं पाणी सोडा, प्रेशर वॉशर नको, कारण तो जिथे पाऊस कधीच जाणार नाही तिथेही पाणी घुसवतो आणि तुम्ही नसलेला लीक शोधत बसता.

सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळ्यावरूनच जातं आणि आत नेमकं कशातून आलं ते कळत नाही. आधी मागच्या पॅनलचा खालचा सांधा, मग टेललाइट, नंबर प्लेटच्या लाइटची वायर जिथून आत जाते ते भोक, बंपरचे बोल्ट, मग झाकणाचं रबर, पेट्रोल भरायच्या नळीभोवतीचं रबर, ॲन्टेना, आणि सगळ्यात शेवटी मागची काच. प्रत्येक जागेला काही मिनिटं द्या, लगेच पुढे पळू नका.

आत टॉर्च घेऊन कोणीतरी बसलं तर उत्तम, पण मागच्या सीटची पाठ आधी काढून ठेवा आणि झाकणाच्या कुलपाची सोय अशी करा की आतला माणूस स्वतः बाहेर येऊ शकेल. लहान मुलांना "तू मावतोस" म्हणून आत बसवू नका.

टेललाइटचं गॅस्केट हा माझा पहिला संशयित असतो. जुनं फोमचं किंवा रबरचं गॅस्केट दगडासारखं होतं, बाहेरून काच जागेवर दिसते आणि मागे पाणी सरळ आत. त्यानंतर डिकीचं रबर. त्यासाठी कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा, ओढताना थोडा तरी विरोध जाणवला पाहिजे. पट्टी सहज निघाली तर त्या जागी रबर दबतच नाहीये. पण लगेच नवीन रबर आणायच्या आधी झाकण बिजागरीवर नीट बसलंय का आणि मागे कधी ठोकर बसून पॅनल आत गेलंय का ते बघा, नाहीतर नवीन रबरही तिथे दाबणार नाही.

मागच्या काचेचं प्रकरण फसवं आहे. पाणी काचेच्या रबराखालून आत येतं, मागच्या शेल्फच्या कडेने, चाकाच्या कमानीवरून आतल्या आत ओघळतं आणि थेंब पडतो भलत्याच कोपऱ्यात. म्हणून जिथे थेंब दिसला तिथे सीलर फासून मोकळं होऊ नका, ओघळ उलटा वरपर्यंत मागे न्या. आणि काचेचं रबर काढलंच तर त्याखालची पत्र्याची कडा बघायला विसरू नका, ती बऱ्याचदा चाळणी झालेली असते.

सिलिकॉनबद्दल एकदाच बोलतो. जो सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तो बॉडीवर कुठेही नको, त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड उघड्या लोखंडाला गंज लावतं, आणि त्याचा अंश राहिला की नंतर पेंट तिथून फाकतो. बॉडीसाठीचा पॉलियुरेथेन सीम सीलर वापरा.

टोचून बघा, लाजू नका

पाण्याची वाट सापडली, आता नुकसान किती ते बघायचं. जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला किंवा पुट्टीने भरलेला थपथप. संशय येईल तिथे स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. आरपार गेला तर तो तुमच्यामुळे गेला नाही, तिथे फक्त पेंट पत्र्याचं सोंग घेऊन बसला होता. एकच काळजी, फ्लोअरखाली पेट्रोलची टाकी, पाइप किंवा वायर कुठे आहे ते माहीत असल्याशिवाय टोचू नका.

लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी किंवा फायबरग्लास आहे. मग वायर ब्रशने सगळं पत्र्यापर्यंत साफ करा आणि टणक पत्र्याची हद्द मार्करने आखा. ही हद्द डोळ्यांना दिसणाऱ्या गंजाच्या बरीच बाहेर जाणार, आधीच मनाची तयारी ठेवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो सांधा फुगवून उघडतो, आणखी पाणी आत जातं, आणि वरून पेंट शाबूत दिसत असताना आत दोन्ही पत्रे कागदासारखे झालेले असतात. सांधा सरळ रेषेत न दिसता मधेमधे फुगलेला दिसला तर तो पूर्ण गेला असं समजा.

आता गाडीखाली

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, मजबूत स्टँड हवेत, आणि ते सडलेल्या फ्लोअरवर नाही तर टणक मेंबरवर किंवा ॲक्सलवर.

खालून बघताना मधल्या सपाट पत्र्यापेक्षा कडा महत्त्वाच्या. चासीचे मेंबर, लीफ स्प्रिंगचा मागचा हँगर, शॉकॲब्सॉर्बरचं माउंट, बंपरचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे बोल्ट, टोइंगचा हुक. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते त्यांत फ्लोअर म्हणजे नुसतं सामान ठेवायचं ताट नव्हे, तो मागचा भाग पिळू न देणारा पत्रा असतो. मिनीत तर मागच्या सबफ्रेमचे (मागची चाकं आणि सस्पेन्शन धरणाऱ्या वेगळ्या चौकटीचे) मागचे माउंट डिकीच्या फ्लोअरच्या पुढच्या भागालाच बोल्टने धरलेले असतात, म्हणजे तिथला पत्रा गेला की मागची चाकं कशाला धरून आहेत हा प्रश्न येतो.

तर थांबायची पहिली रेघ इथे. गंज फक्त सपाट फ्लोअर आणि स्टेपनीच्या खड्ड्यापुरता आहे, तर वेल्डिंग जमणाऱ्या माणसाने घरी करायला हरकत नाही. सस्पेन्शन, सीटबेल्ट, चासी मेंबर यांच्या जवळ आलाय तर ते काम जुन्या गाड्यांची बॉडी बनवणाऱ्या अनुभवी फॅब्रिकेटरकडे द्या, ज्याच्याकडे माप धरून ठेवायला जिग किंवा पक्के ब्रेसिंग आहे. वेल्ड दिसायला चांगली आणि धरायला कच्ची असू शकते, आणि अशा जागी ती सुटली तर गाडी वेगात असताना सुटते.

दुसरी रेघ पेट्रोल टाकीची. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये टाकी बरोबर फ्लोअरखाली लटकते, मिनीत ती डिकीतच डाव्या बाजूला उभी असते, आणि साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये तर टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा फ्लोअर असतो. म्हणजे मस्टँगवाल्यांनो, तुमचा "फ्लोअर" सडला असेल तर आधी बघा की ती टाकी आहे का! टाकी फ्लोअरखाली असो की शेजारी, कुठलाही स्पार्क उडायच्या आधी ती पूर्ण काढून दुसरीकडे न्यायची. रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, कारण जळतं ते पेट्रोल नाही, त्याची वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, खड्ड्यात साचते. टाकीलाच भोक असेल तर ती घरी पाण्याने धुऊन वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका, ते टाकी दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे, नाहीतर सरळ नवीन टाकी.

पॅच की पूर्ण फ्लोअर

एकच भोक, हाताच्या तळव्याएवढं, आणि चारी बाजूंना टणक पत्रा, तर पॅच. भोकं दोन-तीन असतील आणि त्यातलं एकही सांध्याला किंवा दाबलेल्या रिब्सना (ताठपणासाठी पत्र्यात उमटवलेल्या उंच रेघांना) टेकत असेल तर पॅच पॅच खेळू नका, अर्धा किंवा पूर्ण पॅनल टाका. पॅचवर पॅच लावलेला फ्लोअर म्हणजे नवीन सांध्यांचं जाळं, आणि गंजाला राहायला सांधाच लागतो.

फायबरग्लासची चटई, पॉप रिव्हेटने मारलेली पत्र्याची पट्टी, डांबराचा जाड थर, हे तिन्ही मला मान्य नाहीत. या तिन्हींत सडका पत्रा आत तसाच राहतो आणि ओल कोंडली जाते, शिवाय पुढच्या माणसाला सगळं सोलून काढायला दुप्पट वेळ लागतो.

पत्रा बदलताना

आधी मापं घ्या. दोन्ही बिजागऱ्यांपासून समोरच्या कोपऱ्यांपर्यंत कर्ण मोजा, मागच्या पॅनलची रुंदी, टाकीच्या बोल्टांमधली अंतरं, सगळं लिहून ठेवा आणि टेप लावलेलेच फोटो काढा. झाकण बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी बघा. गाडीचं वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी असलं पाहिजे, मधे कुठेतरी जॅकवर लोंबकळताना कापलं तर बॉडी जशी वाकलेली आहे तशीच वेल्ड होते. पूर्ण फ्लोअर काढायचा असेल तर दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा पाइप टॅक करून (ठिपक्याएवढ्या वेल्डने तात्पुरता जोडून) घ्या. मागे जागेवर ठेवायला काहीतरी राहावं म्हणून मी शक्यतो एका वेळी अर्धा भाग कापतो.

बॅटरीची वायर काढा, अल्टरनेटरचीही काढा म्हणजे वेल्डिंगच्या करंटने त्याचे डायोड जाणार नाहीत. वायरिंग, ब्रेकचे पाइप, इंधनाचे पाइप बाजूला करा, डांबरी शीट खरवडून काढा कारण ती पेटते आणि पेटल्यावर चिकटून जळत राहते. जुन्या पेंटमध्ये आणि कारखान्यातल्या जुन्या सांधेभरणीत शिसं असू शकतं, म्हणून घासताना चांगला मास्क लावाच. आग विझवायचं सिलिंडर हाताशी. आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा, सीटमागे किंवा पोकळीत धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

कारखान्यातला फ्लोअर स्पॉट वेल्डने, म्हणजे दोन पत्रे ठिकठिकाणी ठिपक्यांनी जोडून, बसवलेला असतो. पेंट साफ केला की बारीक गोल खळगे दिसतात, साधारण २५ ते ४० मिमी अंतरावर. प्रत्येकाला सेंटर पंच मारा आणि ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापा, खालचा मेंबर नाही. छिन्नीने उचकटायची घाई केली तर मेंबरची पट्टी फाटते आणि काम दुप्पट होतं. जुना फ्लोअर, कितीही चाळणी असला तरी, नवीन पूर्ण बसेपर्यंत फेकू नका, ब्रॅकेटची जागा आणि भोकांचं माप त्याच्यावरच असतं.

मेंबर उघडा पडला की आत बघा. ही संधी परत मिळणार नाही. आतला गंज साफ करा, खोल खळग्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर चालेल, पण त्यावर कुठला प्रायमर बसतो ते डब्यावर वाचा, बऱ्याच इपॉक्सी प्रायमरना खाली ॲसिडचा अंश चालत नाही.

नवीन पत्र्याची जाडी मूळच्या चांगल्या तुकड्यावर व्हर्नियरने मोजून ठरवा. बहुतेक जुन्या गाड्यांत फ्लोअर ०.९ ते १.२ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे २० ते १८ गेज. जाड पत्रा घातला म्हणजे मजबूत झालं असं नाही, त्याला शेजारच्या पातळ पत्र्याला जोडताना पातळ जळून जातो आणि जाड नीट वितळतच नाही. रेडीमेड पॅनल आणलं तरी ते पहिल्या फटक्यात बसेल ही अपेक्षा सोडा. स्क्रूने आणि वाइस ग्रिपने पकडून टाकी, स्टेपनी, बंपर सगळं एकदा लावून बघा, झाकण बंद करा, मापं परत घ्या. मग वेल्डिंग. सपाट पत्रा हाताने बनवणार असाल तर रिब्स घालाच, त्या शोभेसाठी नसतात, त्यांच्याशिवाय पत्रा ढोलासारखा वाजतो.

वेल्डिंगला मिग (यात तार मशीनमधून आपोआप पुढे येते), ०.६ मिमी तार, आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. साध्या रॉडच्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा सरळ जळतो. मेंबरवर जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरायची, म्हणजे प्लग वेल्ड, दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत, मधे झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (त्याच्यावरूनच वेल्ड करता येतं असा). जस्ताचा पत्रा वापरत असाल तर कडेचं जस्त घासून काढा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा, त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. सपाट भागात पॅच लावताना कडेला कडा भिडवून जोडा, एकावर एक चढवून नाही. चढवलेल्या सांध्यात पाणी राहतं, आणि आपण इतका वेळ त्याच्याच मागे आहोत. आधी लांब लांब टॅक मारा, एक इकडे एक समोर, मग मधे मधे भरत या, प्रत्येक टॅक हात लावता येईल इतका गार होऊ द्या. एका दमात रेघ ओढली की पत्रा लाटा मारतो आणि दाबला की टॉक टॉक आत-बाहेर होतो.

सुरू करायच्या आधी त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर प्लग वेल्ड करा आणि छिन्नीने फाडून बघा. वेल्डचा गोळा एका पत्र्यातून सुटून आला तर सेटिंग कच्ची आहे. गोळा जागेवर राहून पत्रा फाटला तर बरोबर. हे सलग जमत नसेल तर बाकी सगळी तयारी स्वतः करा, पत्रा फिट करून ठेवा, आणि वेल्डिंगपुरता चांगला वेल्डर बोलवा. त्यात काही कमीपणा नाही, उलट तो तयार काम बघून खूश होतो. कापल्यानंतर झाकणाच्या फटी बदलल्या किंवा कर्ण जुळेनासे झाले तरीही तिथेच थांबा, एकही वेल्ड न मारता बॉडीवाल्याला दाखवा. वेल्ड झाल्यावर ते सरळ करायला परत सगळं कापावंच लागतं.

सीलर, प्रायमर, मेण

इथे क्रम चुकला की सगळी मेहनत पाण्यात. उघड्या साफ पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, वरून आणि खालून. साधा जाड भरावाचा प्रायमर किंवा पुट्टी ओल शोषते, त्यावर सीलर लावून काही उपयोग नाही. इपॉक्सीवर सांध्यांना सीम सीलर, ब्रशने नीट आत दाबत, वरून आणि खालूनही. सीलर पूर्ण वाळला की टेललाइट, बूच आणि झाकणाचं रबर लावून परत एकदा पाइपने पाणी मारा, खालून वर, त्याच क्रमाने. आत्ता लीक सापडला तर सीलरची ट्यूब लागेल. पेंट आणि कार्पेटनंतर सापडला तर सगळं परत सोलावं लागेल.

मग पेंट, खाली स्टोनचिप (खडीचा मार झेलणारा थर), आणि सगळ्यात शेवटी बंद मेंबर आणि कमानीच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स. वॅक्स वेल्डिंगच्या आधी कधीच नाही, ते पेटतं. फवारल्यावर ते ओघळून खाली उतरतं आणि निचऱ्याच्या भोकांवर टोपी धरतं, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकातून तार फिरवून घ्या.